गोळी समोर गिळेपर्यंत

पहाटे पावणेसहा

मोहिमेच्या दिवसांत औषध भांडाराची चावी मी कोणाकडे देत नाही. पूर्व विदर्भातला धानपट्टा, फेब्रुवारीचा पंधरवडा आणि आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राखालच्या सगळ्या गावांत हत्तीरोगाची सामुदायिक औषधोपचार मोहीम. मी आरोग्य सहायक. आशा ताई आणि स्वयंसेवकांच्या पिशव्या भरून देणं, दिवसभर त्यांच्या मागे गावं फिरणं, रात्री गोळ्यांचा आणि माणसांचा हिशेब जुळवणं हे माझं काम.

पिशवीत तीन औषधं असतात: डीईसी, अल्बेंडाझोल, आयव्हरमेक्टिन. देशात ज्या पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत ही तिन्ही एकत्र द्यायला सुरुवात झाली, त्यांत २०१९ साली आमच्या विदर्भातलं नागपूर होतं. आयव्हरमेक्टिन मर्क कंपनी या कामासाठी जगभर फुकट पुरवते. १९८७ मध्ये आफ्रिकेतल्या नदीकाठच्या लोकांना आंधळं करणाऱ्या कृमीरोगासाठी तिने हे दान सुरू केलं, पुढे हत्तीरोगासाठीही देऊ लागली. अल्बेंडाझोल जीएसके कंपनी जागतिक आरोग्य संघटनेमार्फत दान करते. डीईसी मात्र आपल्याच देशात बनतं आणि सरकारी पैशातून येतं. त्याच्या मुळाशी आंध्रातल्या भीमावरमचा माणूस आहे, यल्लाप्रगडा सुब्बाराव. अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेचं संशोधन त्यांच्या हाताखाली चालायचं आणि तिथेच १९४७ च्या सुमाराला हे औषध पुढे आलं. ते १९४८ साली वारले. आज आमच्या गावागावांत त्यांच्या औषधाच्या पट्ट्या फुटतात आणि त्यांचं नाव कोणाला माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं. प्रशिक्षणात मी ते आवर्जून सांगतो.

औषधाला पैसा फारसा लागत नाही. तो लागतो ते औषध माणसाच्या पोटात पोचवायला. लोकांचा समज नेमका उलटा असतो. गोळ्या आल्या म्हणजे मोहीम झाली असं बैठकीतल्या मोठ्या माणसांनाही वाटतं.

सकाळी सात

उन्हाळी धानाची रोवणी चालू आहे. बायकांना न्यायला गाडी साडेसातला पाराजवळ लागते, म्हणजे आमच्या हातात अर्धा तास. रिकाम्या पोटी औषध द्यायचं नाही, म्हणून आशा ताई ओसरीवर पाय ठेवताच आधी विचारतात, "जेवण झालं का?" कोणी भात-वरण खाऊन बसलेलं असतं, कोणाच्या हातात अजून डबाच असतो.

उंचीची काठी भिंतीला टेकवून उभी केली. आयव्हरमेक्टिन उंचीवर देतात आणि डीईसी वयावर. एक बाई चप्पल काढून काठीला पाठ लावून उभी राहिली. केसांचा बुचडा वर बांधलेला, तो ताईंनी हाताने बाजूला दाबला, कारण दोन बोटांच्या फरकाने एक गोळी कमीजास्त होते. १४१ ते १५८ सेंटीमीटरमध्ये आयव्हरमेक्टिनच्या ३. वय पंधराच्या वर, म्हणून डीईसीच्या ३. चावून खायची अल्बेंडाझोलची १. तळहातावर सात गोळ्या झाल्या. त्या सात गोळ्यांकडे ती पाहत राहिली, मग माझ्याकडे.

"ठेवून जा जी. रोवणीवरून आल्यावर खातो."

ही मोहीम तरते की बुडते ते इथेच ठरतं. देशभर ही वार्षिक मोहीम २००४ पासून चालली आहे. सुरुवातीची अनेक वर्षं गोळ्या वाटल्या जायच्या. वाटप कागदावर भरघोस दिसायचं, मागाहून कोणी घरोघर विचारलं की गिळणारे बरेच कमी निघायचे. उरलेल्या गोळ्या देवळीत, फडताळात, कधी थेट उकिरड्यावर. एकूण लोकसंख्येच्या निदान ६५ टक्के लोकांनी खरोखर औषध गिळलं तरच रोगाची साखळी तुटायला लागते. म्हणून आता गोळी ठेवून जायची नाही, समक्ष खाऊ घालायची.

ताईंनी तांब्या पुढे केला. "काकू, आत्ताच घ्या. पाणी मीच देतो." काकूंनी घेतल्या. एका बाईला चार मिनिटं लागली. गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत त्या ओळीतली मोजकीच घरं झाली. उरलेल्या बायका संध्याकाळी गाठायच्या.

सकाळी नऊ

चालता चालता ताई मानधनाचं विचारतात. दरवर्षी विचारतात आणि विचारायलाच हवं. केंद्र सरकारच्या दरपत्रकात आशांना या मोहिमेसाठी दिवसाला २०० रुपये आहेत, जास्तीत जास्त ३ दिवस आणि त्यात ५० घरं, २५० माणसं पूर्ण करायची. हिशेब सोपा आहे. ६०० रुपयांत २५० माणसं म्हणजे माणशी २ रुपये ४० पैसे. त्यात काठी लावायची, वय विचारायचं, गरोदर बाई, दोन वर्षांच्या आतलं मूल आणि फार आजारी माणूस वगळायचा, घाबरलेल्याला समजावायचं, पाणी द्यायचं, गिळेपर्यंत थांबायचं, बोटाला शाईची खूण करायची, नोंदवहीत लिहायचं. घराला कुलूप असलं तर पुन्हा यायचं. त्या पुन्हा येण्याचे पैसे त्या दरात वेगळे धरलेले नाहीत.

मला या दराबद्दल मनापासून राग आहे. मोहिमेची गुणवत्ता सगळी दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत असते. पहिल्या फेरीत मिळतात ती घरी असणारी, ऐकणारी माणसं. ज्यांच्यामुळे रोग टिकून राहतो ती कुलपाआड, शेतात, वीटभट्टीवर किंवा नकारात असतात. नेमकं तेच काम आपण फुकट करून घेतो. एका वर्षी तर मोहीम संपून पुढचा हंगाम आला तरी आमच्या ताईंच्या खात्यात पैसे जमा झाले नव्हते. त्या वर्षी दुसऱ्या फेरीला ताईंना 'चला' म्हणताना मला शब्द सापडत नव्हते. तरी त्या आल्या.

सकाळी सव्वादहा

पक्क्या घरांची आळी. नकार इथे जास्त मिळतात. झोपडीतला माणूस भीतीने नाही म्हणतो आणि पाणी पुढे केलं की बऱ्याचदा घेतो. शिकलेला माणूस ठामपणे नाही म्हणतो.

"आम्हाला काही झालेलंच नाही, तर औषध कशाला?" एका निवृत्त गुरुजींनी दारातच विचारलं.

"गुरुजी, झालेलं दिसत नाही म्हणूनच."

मग मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. या रोगाचे जंत लसिकावाहिन्यांत राहतात, सहा-आठ वर्षं जगतात आणि लाखो सूक्ष्म पिल्लं रक्तात सोडतात. त्या काळात माणूस अगदी धडधाकट असतो. पाय सुजतो तो वाहिन्या नासल्यावर, कित्येक वर्षांनी. तोवर डास त्याच्या रक्तातली पिल्लं उचलून शेजाऱ्यांना देत राहतो. रक्तातली ही पिल्लं १८७२ साली टिमोथी लुईस यांनी आपल्याच कलकत्त्यात पाहिली आणि १८७७ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमध्ये दाखवलं की ती डासाच्या शरीरात वाढतात. डासाला माणसाचा रोग वाहून नेता येतो हे जगाला प्रथम कळलं ते याच रोगामुळे.

गुरुजींनी शांतपणे ऐकलं. "माहिती चांगली आहे," म्हणाले, "पण मला बीपी आहे. डॉक्टरांना विचारून सांगतो." रक्तदाबाच्या माणसालाही हे औषध चालतं, पण मी वाद घातला नाही. नाव नकाराच्या रकान्यात गेलं. उद्या मॅडम, म्हणजे आमच्या वैद्यकीय अधिकारी, स्वतः येतील.

त्यांच्या घरामागून नाली जाते. तुंबलेली, काळं पाणी, वर सायीसारखा थर. वाकून पाहिलं तर अळ्या वळवळत होत्या. हत्तीरोगाचा क्युलेक्स डास असल्याच घाण पाण्यात वाढतो, त्याला स्वच्छ पाण्याची हौस नाही. शौचालयाच्या टाकीची वाऱ्याची नळी उघडी असेल तर त्या एका टाकीतून आळीभर डास होतात. नळीच्या तोंडाला जाळीचा तुकडा बांधायला खर्च किती? पण तो आरोग्याच्या पैशात बसत नाही. तो पैसा ग्रामपंचायतीत आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला निम्म्याहून जास्त हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिलेला होता. आमच्या केंद्राखाली एका गावच्या सरपंचबाईंनी त्यातून नाल्यांना उतार देऊन घेतला आणि नळ्यांना जाळ्या बांधल्या. दुसऱ्या गावात त्याच निधीतून प्रवेशद्वाराची कमान रंगवा म्हणून सभेत मागणी झाली. दोन्ही सभांना मी हजर होतो. डासांचा विषय काढणारा माणूस सभेत असला तर निधी नालीकडे वळतो, इतकं मी पाहिलं आहे. म्हणून आता मी एकही ग्रामसभा चुकवत नाही.

दुपारी साडेबारा

शाळा. पोषण आहाराची खिचडी झाल्यावरच औषध, हे मुख्याध्यापकांशी आधीच ठरलं होतं. पोरं ओळीत उभी राहिली, काठीपाशी टाचा उंच करणारी दोन-तीन निघाली, हसत-खिदळत सगळ्यांचं अर्ध्या तासात आटोपलं. मोठ्यांपेक्षा पोरांचं काम कितीतरी सोपं.

दुपारी दोन

फोन. सकाळच्या गावात एका तरुणाला उलटी झाली, अंगात ताप, डोकं गच्च धरलंय, आणि घरच्यांनी ओसरीवर माणसं गोळा केलीत. असा फोन आला की हातातलं काम टाकून निघायचं. शीघ्र प्रतिसाद पथकाची गाडी अर्ध्या तासात पोचली तर मोहीम वाचते. संध्याकाळपर्यंत कोणीच गेलं नाही तर त्या गावात त्या वर्षी पुढची गोळी कोणी घेत नाही. शेजारच्या गावातही नाही.

मॅडमनी त्याला तपासलं, ओआरएस आणि पॅरासिटामॉल दिलं, नाडी धरून बसून राहिल्या. घोळक्याला मी सांगत होतो की औषध विषारी नाही. ज्याच्या रक्तात जंताची पिल्लं जास्त, त्याच्यात ती एकदम मरतात आणि म्हणून ताप येतो. त्याला त्रास झाला याचा अर्थ औषधाची गरज त्यालाच सगळ्यांत जास्त होती. एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे याच्यापासून आमाले होत होतं का जी?" मी म्हटलं, "कोणापासून कोणाला ते सांगता येत नाही, बाबा. म्हणूनच सगळ्यांनी घ्यायचं." तासाभरात पोरगा उठून बसला, चहा प्यायला. घोळक्यातल्या तिघांनी, ज्यांनी सकाळी चुकवलं होतं, तिथेच गोळ्या मागून घेतल्या.

त्या गाडीचं डिझेल, चालकाचा दिवस, मॅडमची ओपीडी सोडून आलेली दुपार हा सगळा मोहिमेचाच खर्च. अंदाजपत्रकात कात्री लागते तेव्हा पहिली नजर याच ओळीवर जाते, कारण काही विपरीत घडलं नाही तर ती ओळ वापरलेली दिसत नाही.

दुपारी साडेतीन

याच गावात एक आजी आहेत. डावा पाय गुडघ्यापासून खाली खांबासारखा, कातडी जाड, घड्या पडलेली. त्यांना आजची गोळी देऊन पाय बरा होणार नाही. गोळी रोग पसरायचा थांबवते, सुजलेला पाय ती उतरवत नाही. मोहिमेच्या गडबडीत अशी माणसं मागे पडतात, कारण त्यांच्यामुळे टक्केवारी वाढत नाही.

त्यांना पाय धुवायचा संच मागे दिला होता: टब, मग, टॉवेल, साबण, मलम. मी विचारलं, "आजी, रोज धुता का?" टब पुढे ओढला त्यांनी. ताई खाली बसल्या, साध्या पाण्याने पाय ओला केला, साबणाचा फेस हातावर करून घडीघडीत हलक्या हाताने लावला. घासायचं नाही. मग बोटांच्या बेचक्या. तिथे पांढरट ओल होती, वास येत होता. आजींनी नजर दुसरीकडे वळवली. ताईंनी कापडाची टोकदार घडी करून एकेक बेचकी टिपून घेतली, तोवर एक शब्द बोलल्या नाहीत. मग मलम. या बेचक्यांतल्या चिरेतून जंतू आत शिरतात, पाय लालबुंद होतो, थंडी वाजून ताप भरतो आणि अशा प्रत्येक तापागणिक सूज थोडी वाढत जाते. चिरा भरल्या की ताप थांबतात. खर्च साबणाचा आणि मलमाचा.

मलम संपून किती दिवस झाले, विचारलं. "दिवाळीच्या आधी सरलं जी." संच एकदा मिळतो, पाय आयुष्यभर असतो. गावातल्या मेडिकलमधून विकत आणायचं तर सून रोवणीवर जाते त्या मजुरीतून. पुरुषांच्या अंडवृद्धीवर निदान शस्त्रक्रिया आहे, सरकारी रुग्णालयात फुकट होते, आणि माणूस पुन्हा नांगर धरतो. आमच्या यादीतल्या बऱ्याच जणांची झाली. आजींच्या पायाला मात्र रोजची निगा एवढाच उपाय आहे, आणि रोजच्या निगेला आपल्या हिशेबात वार्षिक तरतूद नाही. माझ्या पिशवीत मलमाच्या दोन ट्यूब होत्या, त्या ठेवल्या.

संध्याकाळी पाच

तालुक्याची आढावा बैठक, आता मोबाइलवरच होते. प्रत्येक केंद्राची टक्केवारी वाचली जाते. आमच्याकडे नकार किती, कुलूपबंद घरं किती, ते मॅडमनी सांगितलं. खोटी टक्केवारी द्यायची नाही यावर त्या ठाम आहेत, आणि तेवढ्यासाठी मी त्यांना मानतो.

बैठकीनंतर पैशाचा विषय निघालाच. हा पैसा येतो राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, महाराष्ट्रात १०० रुपयांतले ६० केंद्राचे आणि ४० राज्याचे. जिल्हा मागणी करतो, त्याचा आराखडा बनतो, मंजुरी येते. हत्तीरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ पासून आहे. २००२ च्या आरोग्य धोरणाने २०१५ पर्यंत रोग हद्दपार करायचं ठरवलं होतं. मुदत टळत गेली, आता देशाने २०२७ ठरवलं आहे. जगाचं उद्दिष्ट २०३० चं. दरम्यान श्रीलंका आणि मालदीव २०१६ मध्ये मुक्त झाले, थायलंड २०१७ मध्ये, बांगलादेश २०२३ मध्ये, ब्राझील २०२४ मध्ये. आपल्यासारखीच हवा, तेच डास, तीच दाट वस्ती असून बांगलादेशाला जमलं.

पैसा आपल्या तिजोरीतला आहे याचं मोल मला २०२५ मध्ये फार कळलं. अमेरिकेची यूएसएड संस्था २००६ पासून अशा दुर्लक्षित रोगांच्या मोहिमांना अनेक देशांत पैसा देत होती. तो २०२५ च्या सुरुवातीला एकदम थांबला. त्याआधी २०२१ मध्ये ब्रिटननेही आफ्रिकेतल्या अशाच कामातून हात काढला होता. गोळ्यांची खोकी गोदामात आणि वाटायला माणूस नाही, अशी वेळ कुठल्याही आशा ताईवर यावी असं मला वाटत नाही. आपल्याकडे तसं झालं नाही, कारण आपला कार्यक्रम आपल्या करावर चालतो. म्हणूनच त्या पैशाबद्दल आपण सरकारकडे हक्काने बोलू शकतो, आणि बोललं पाहिजे.

माझी खरी भीती वेगळी आहे. रोग कमी झाला की पैसाही कमी होतो. जिथे चाचण्या उत्तीर्ण होतात तिथे सामुदायिक औषध थांबवतात, ते शास्त्राला धरूनच आहे. पण त्यानंतर काही वर्षं सहा-सात वर्षांच्या मुलांचं रक्त पुन्हा पुन्हा तपासत राहावं लागतं. या तपासणीला गर्दी नसते, फोटो नसतो, पुढारी येत नाही. इथे आमच्या वडीलधाऱ्यांना आठवणारा नारू मला नेहमी सांगावासा वाटतो. महाराष्ट्रातही तो होता. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्यांच्या पायातून जवळजवळ मीटरभर लांब जंत बाहेर यायचा. त्याला ना लस होती, ना औषध. हातपंप, फडक्याने गाळलेलं पाणी आणि गावोगाव शोध घेणारी माणसं, एवढ्यावर तो गेला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला. मुक्तीचं प्रमाणपत्र मात्र २००० साली मिळालं, आणि मधली सगळी वर्षं एकही रुग्ण नसताना शोध चालू ठेवला होता, पगार दिले होते. हत्तीरोगाला तेवढाच धीर लागेल.

संध्याकाळी साडेसात

रोवणीची गाडी परतली. हातपाय धुऊन, चूल पेटवून बायका ओसरीत येतात तेव्हा दुसरी फेरी. सकाळी निसटलेल्या बहुतेक जणी मिळाल्या. पुरुष पाराजवळ, किराणा दुकानापुढे. तिथेच काठी उभी करून दिलं.

रात्रीचं काम मला नवं नाही. मोहिमेच्या आधी आम्ही ठरावीक गावांत रात्री साडेआठ ते बारा रक्त गोळा करतो, कारण ही पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या वाहिन्यांत दडतात आणि रात्री बाहेरच्या रक्तात येतात. दिवसा घेतलेला नमुना फसवा निघतो. दार वाजवून, झोपलेल्याला उठवून बोट टोचायचं, काचपट्टीवर रक्ताचा जाड थर द्यायचा, नंबर घालायचा. गावागावांतून शेकडो काचपट्ट्या येतात आणि तंत्रज्ञ डोळे ताणून एकेक पाहतो. जिल्ह्यात औषध द्यायचं की थांबवायचं, म्हणजे कोट्यवधी रुपये कुठे जायचे, ते या काचपट्ट्यांवर ठरतं. तरीही तंत्रज्ञाची जागा रिकामी राहिली तर ओरड होत नाही.

रात्री साडेनऊ

केंद्रात टॅली शीट आणि उरलेल्या पट्ट्या जुळवल्या. एका पथकाच्या हिशेबात अल्बेंडाझोलच्या गोळ्या माणसांपेक्षा जास्त गेल्या होत्या. ताईंना फोन केला, शाळेतली एक ओळ लिहायची राहिली होती.

मॅडमनी पुढच्या आराखड्याची वही उघडली. मागण्या आम्ही दोघांनी मिळून लिहिल्या. आशांना दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचे दिवस वेगळे धरून मानधन, आणि तेही मोहीम संपल्याबरोबर खात्यात. पायाच्या रुग्णांना साबण-मलम दर तीन महिन्यांनी. प्रतिसाद पथकाच्या गाडीचं डिझेल, न वापरलं गेलं तरी पुढच्या वर्षी तेवढंच. तंत्रज्ञाची रिकामी जागा. मागच्या वेळी यातल्या दोन गोष्टी वरून कापून आल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "आजींच्या पायाचं सगळ्यांत वर लिहा. त्याची रक्कम लहान आहे, नाही म्हणायला त्यांनाच जड जाईल." तसं लिहिलं आणि रकमेपुढे गावनिहाय रुग्णांची यादी जोडली.

मग गटावर ताईंना निरोप टाकला: उद्या पक्क्या आळीत मॅडम येणार, सरपंचबाईंनाही सोबत घ्या, गुरुजींकडे आधी जायचं. रोवणीच्या बायकांसाठी साडेसहालाच पाराजवळ काठी आणि पाण्याचा हंडा घेऊन उभं राहायचं.